चहा, उवा, चिखल : थोरल्या मामांसोबत बघितलेला एक युद्ध-माहितीपट

उद्यमनगरवाला

परवा थोरले मामा गुडघ्याचं दाखवायला गावाकडनं आले होते. दवाखाना उरकला, दुपारी जेवणं झाली, बाहेर धो-धो पाऊस. टीव्हीवर काय लावायचं म्हणून मी 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' लावला. पीटर जॅक्सनचा, २०१८चा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांवरचा माहितीपट आहे. लंडनच्या इंपिरियल वॉर म्युझियममध्ये पडून असलेलं शंभरेक तासांचं जुनं मुकं फूटेज घेतलं, त्याचा वेग सरळ केला, रंग भरले, आवाज घातले. निवेदक नाही. साल नाही, गावाचं नाव नाही, कुठल्या लढाईचा नकाशा नाही. १९६०-७०च्या दशकांत म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांच्या मुलाखती बीबीसीनं आणि म्युझियमनं रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, तेवढेच आवाज एकामागून एक येत राहतात.

मामा १९७० साली बेळगावला भरती झाले, हवालदार म्हणून रिटायर. बोलायचं काम कमी. सगळी मामेभावंडं मिळून आम्हाला त्यांच्या नोकरीची माहिती म्हणजे तीन वाक्यं: थंडी लई होती, साहेब चांगला होता, पेन्शन वेळेवर येते.

मला ते इंग्रजी निम्मंच कळतं. म्हातारे आपापल्या पेठेतल्या बोलीत बोलतात. त्यामुळं दर दोन मिनिटांनी थांबवायचं, खालच्या ओळी वाचायच्या, मामांना मराठीत सांगायचं, असं चाललं. दीड तासाचा पिक्चर साडेतीन तास चालला, आणि खरी मजा त्या थांबण्यातच आली.

सुरुवातीचं सगळं काळं-पांढरं आहे. भरती, कवायत, बूट. एकोणीसपेक्षा लहान पोरगा आला तर सार्जंट त्याला सांगतो, बाहेर जा, वाढदिवस करून ये. मामा म्हणाले, "आमच्यात छाती कमी पडायची. केळी खाऊन वजन करायचे." मग फ्रान्समध्ये पोचल्यावर चित्र एकदम रुंद होतं आणि रंग येतात. मी "बघा बघा" केलं. मामा गप्प. रंगाचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांना वाटलं ते चहाचं.

एक म्हातारा सांगतो की चहासाठी पाणी उकळायला मशीनगन वापरायचो. विकर्स गनच्या नळीभोवती पाण्याचं जॅकेट असतं, चारेक लिटरचं. (आमच्या लेथला कूलंट सोडतो तेच तत्त्व, फक्त हे पाणी आतच राहतं.) पाचसहाशे राउंड सलग मारले की उकळी फुटते. शत्रू समोर आहे की नाही हा वेगळा विषय. आणि प्यायचं पाणी यायचं पेट्रोलच्या जुन्या डब्यांतून, त्यामुळं चहाला कायम पेट्रोलचा वास.

हे सांगितलं आणि मामा हसायला लागले. "रॉकेलचा," म्हणाले. "आमच्या चहाला रॉकेलचा वास." सिक्कीमला असताना बंकरात बुखारी, म्हणजे ऊब घ्यायची शेगडी असायची, रॉकेलवर. सगळ्याला तोच वास. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. भात शिजायचा नाही, प्रेशर कुकर बिघडला की चार दिवस कच्चा भात. तीस वर्षांत हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं. मामी स्वयंपाकघरातनं बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनीही पहिल्यांदाच.

एका ठिकाणी त्यांनी स्वतः हात वर करून थांबवायला सांगितलं. एक खोलगट रस्ता आहे, दोन्हीकडं बांध, त्यात बरेच जण बसलेत. काही कॅमेऱ्याकडं बघतायत. मला वाटलं विश्रांती चाललीय. मामा म्हणाले, "पट्टा कुणी सोडलेला नाही. ऑर्डर व्हायचीय."

मी नंतर शोधलं. ते फूटेज १ जुलै १९१६चं, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईचा पहिला दिवस. लँकेशायर फ्युझिलियर्स या ब्रिटिश पलटणीचे लोक. त्याच सकाळी ते त्या रस्त्यातनं वर चढले आणि समोरच्या मशीनगननं त्यांना कापून काढलं. पिक्चरमध्ये यातलं काहीच सांगत नाहीत. मामांना पट्ट्यावरनं कळलं.

तर धागा काढायचं कारण असं. आपल्याकडं घरटी नाही तरी गल्लीटी एक फौजी आहे. तुमच्याकडचे लोक असलं काही बोलतात का? आणि हा माहितीपट कुणी बघितला असेल तर, तुम्हाला तो खरा वाटला का?

फिल्लमबाज

बघितलाय, दोनदा. वेगाचं काम समजून घ्या, कारण सगळी जादू तिथं आहे, रंगात नाही. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे. फिरवणाऱ्याच्या मनगटावर सगळं अवलंबून. कुणी सेकंदाला १० चौकटी, कुणी १७-१८. आपण ते २४च्या वेगानं दाखवतो म्हणून जुन्या फिल्ममधली माणसं बाहुल्यांसारखी तुरुतुरु पळतात आणि आपल्याला हसू येतं. यांनी प्रत्येक तुकड्याचा मूळ वेग हुडकला आणि मधल्या चौकटी कॉम्प्युटरनं भरून काढल्या. तुरुतुरु थांबलं की समोर माणूस दिसायला लागतो.

ओठ वाचणारे लोक बसवून कोण काय बोलतोय तेही शोधलं, आणि ती पलटण इंग्लंडच्या ज्या भागातली, त्या भागातले नट घेऊन बोलून घेतलं. म्हणजे कागलच्या माणसाला पुण्याची भाषा दिली नाही. आपल्या मालिकावाल्यांनी एवढं शिकलं तरी देव पावला.

एक मात्र सांगतो, कोल्हापुरात खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभापासून हाकेच्या अंतरावर राहतो म्हणून. हे फूटेज तिकडं फ्रान्समध्ये निघत होतं त्याच काळात आपल्या गावात बाबूराव पेंटर स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवत होते. १९१८ला तो तयार झाला. तोही हातानं फिरवायचाच. पण त्या कॅमेऱ्यासमोर आले ते सैरंध्री आणि कीचक. आपली जी पोरं मेसोपोटेमियाला (आताच्या इराकला) लढायला गेली, ती त्याच्यासमोर कधी आलीच नाहीत.

पन्हाळ्याचा_पावसाळा

मामांचं पट्ट्याचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. कुठल्या ॲपवर आहे?

उद्यमनगरवाला

भाच्यानं लावून दिलं, मला ॲपचं नाव विचारू नका 😀

रिटायर्ड_पण_हजर

२४ वर्षं सर्व्हिस, ईएमई. आपण लढवय्ये नव्हे, गाड्या दुरुस्त करणारे. तरी बोलतो.

पिक्चर बघितला मुलानं लावून दिल्यावर. बऱ्याच गोष्टी बरोबर आहेत. पण एक गोष्ट कुठल्याच पिक्चरला जमत नाही आणि यालाही अर्धवटच जमली. ती म्हणजे काहीच न घडणं. फौजेत निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. गाडीची वाट, डाकेची, सुट्टी मंजूर व्हायची, रिलीफ यायची. गिनती झाली, फटीग लागलं, दगड उचलून इकडचे तिकडं ठेवले, दुसऱ्या दिवशी साहेबानं बघून परत तिकडचे इकडं. दगडाला गेरू आणि चुना. झाडाच्या बुंध्याला गेरू आणि चुना. आमच्यात म्हणायचे, हलत असेल तर सलाम ठोक, हलत नसेल तर रंग दे.

आता हे पडद्यावर दाखवायचं कसं? दोन तास माणूस बसलाय हे कोण बघणार? म्हणून मग तोफा येतात. या पिक्चरनं निदान पहिला अर्धा भाग चहा, जाम, संडास, उवा, उंदीर यात घालवला, त्याबद्दल त्याला सलाम. प्लम आणि सफरचंदाचा तोच तो जाम रोज खाऊन वैतागलेले लोक बघून मला आमच्या लंगरचा दुधी भोपळा आठवला. लिव्हवर घरी आलो की बायकोला पहिलं सांगणं, भोपळा नको.

आणि ती उवा मारायची पद्धत, शर्टच्या शिवणीवरनं मेणबत्ती फिरवायची, अंडी फुटल्याचा आवाज येतो. ते अगदी जवळून दाखवलंय. बघताना डोकं खाजवलं मी.

करवीर_अभिमानी

सगळं ठीक. पण सैनिकांना ओळीनं उघड्यावर शौचाला बसलेलं दाखवणं कितपत योग्य? माणूस देशासाठी प्राण देतो आणि तुम्ही त्याचा कॅमेरा मागून लावता. आपल्या जवानांचं असं कुणी दाखवलं तर मी पहिला रस्त्यावर उतरेन. काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या.

रिटायर्ड_पण_हजर

अभिमानीसाहेब, रस्त्यावर उतरा, पण आधी ऐका. फौजेत याला डीटीएल म्हणतात. डीप ट्रेंच लॅट्रिन. नवीन जागी कॅम्प पडला की तंबूच्या आधी कधीकधी हे खणायचं असतं, कारण ते नीट नाही झालं तर गोळी लागायच्या आधी जुलाबानं पलटण आडवी होते. माशा बसू नयेत म्हणून माती टाकायची, जागा बदलायची, पाण्यापासून लांब ठेवायची, वाऱ्याची दिशा बघायची. हे सगळं शिकवतात. परीक्षा असते. माझा उस्ताद म्हणायचा, नकाशा वाचायला चुकलास तर तू मरशील, हे चुकलास तर कंपनी मरेल.

पिक्चरमध्ये दांडकं मोडून सगळे खाली पडल्याचा किस्सा आहे ना, तो सांगताना तो म्हातारा हसतोय. पन्नास वर्षांनी. त्याला अपमान वाटत नाही, मग तुम्हाला का वाटतो?

उद्यमनगरवाला

मामा त्या किश्श्याला एवढे हसले की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. दोन मिनिटांनी म्हणाले, आमच्यात एकदा सुभेदार मेजर पडला होता. पुढं काय झालं ते सांगितलं नाही.

करवीर_अभिमानी

तुमचा अनुभव मोठा, मान्य. पण मला तरी आवडलं नाही.

कागदकीडा

उशिरा आलो धाग्यावर. मी थोडा विरजण घालणार आहे, आधीच सांगतो.

पिक्चर सुंदर आहे, पण त्यात आपण जवळजवळ नाहीच. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून जास्त माणसं गेली, ७० हजारांवर मेली. सप्टेंबर १९१४ अखेर फ्रान्सच्या मार्सेय बंदरात हिंदी सैन्य उतरलं, त्याच चिखलात, सुती कपड्यात. मार्च १९१५ला नव शापेलला लढलं. पायदळ त्याच वर्षाच्या शेवटी मेसोपोटेमियाला हलवलं. दिग्दर्शकानं एकच आघाडी आणि एकच सैन्य घेतलं, तो त्याचा हक्क. पण 'सामान्य सैनिकाचं आयुष्य' असं म्हणताना कुणाचं सामान्य, हे विचारलं पाहिजे. जाम-बिस्किट-गोमांसाचा डबा हे लँकेशायरच्या पोराचं सामान्य. आपल्या माणसाचं सामान्य वेगळंच होतं.

कूत-अल-अमाराचं उदाहरण घ्या. तिथं मेसोपोटेमियात, जनरल टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनला तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५पासून वेढलं. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. म्हणजे आपल्या घाटावरचे, कोकणातले लोक. अन्न संपत आलं. घोडे, खेचरं कापायला लागले. गोरे खात होते, हिंदी शिपायांतले बहुतेक कित्येक आठवडे खायला तयार नव्हते. घरी गेल्यावर जातवाले काय म्हणतील, पोरीचं लग्न होईल का, हा प्रश्न तिकडं टायग्रिसच्या काठावर उपाशी बसलेल्या माणसाला पडत होता. ताज्या भाज्या नाहीत, मांस नाही, त्यामुळं हिंदी शिपायांत स्कर्वी पसरला, हिरड्या सुजून रक्त. शेवटी विमानातून धान्य-पिठाची पोती टाकली, आणि दळण्यासाठी जात्याचा दगडही. जरा डोळ्यासमोर आणा. आभाळातनं जातं पडतंय. पुरलं नाहीच. २९ एप्रिल १९१६ला शरणागती. तेरा हजारांच्या आसपास कैदी. त्यातले कितीतरी वाळवंटातल्या चालीत गेले.

यातलं घोडं खायचं की नाही, हे 'रोजचं आयुष्य' नाही तर काय? पण त्यांचा आवाज कुणी १९६४ला जाऊन रेकॉर्ड केला नाही. बीबीसीचा माणूस चंदगडला आला नाही.

फिल्लमबाज

+१. आणि आपणही गेलो नाही, हेही लिहा.

कागदकीडा

लिहितो ना. आपणही गेलो नाही. इकडं पलटणींत माणसं भरायला शाहू महाराजांनी मदत केली हे आपण छाती फुगवून सांगतो, पण गेलेल्यातला परत आलेला एखादा म्हातारा १९७०पर्यंत तरी जिवंत असेलच की. त्याला कुणी विचारलं नाही, कूतला काय खाल्लंस म्हणून.

आवाज अगदीच नाहीत असं मात्र नाही. जर्मनांनी बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फला हिंदी आणि इतर कैद्यांची छावणी केली होती. तिथं भाषा गोळा करायला त्यांचे पंडित फोनोग्राफ घेऊन गेले. माल सिंग नावाचा पंजाबी शिपाई ११ डिसेंबर १९१६ला त्या भोंग्यासमोर उभा राहून बोलला, ते अजून बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहे. काय बोलला? एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा. तो इंग्रजांच्या नोकरीला लागला. तो युरोपच्या लढाईत आला. जर्मनीनं त्याला पकडलं. त्याला परत हिंदुस्थानात जायचंय, गेला तर तेच खायला मिळेल. सगळं 'तो' म्हणून. 'मी' एकदाही नाही. एवढंच. मला वाटतं त्या दीड तासाच्या पिक्चरच्या तोडीचं आहे ते.

पत्रंही आहेत. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचायचा आणि भाषांतर करून ठेवायचा, म्हणून ती टिकली. शिपायांना ते माहीत होतं. मग 'काळी मिरी संपत आलीय, आता लाल मिरची वापरतायत' असं लिहायचे. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला कळलंच, पण गंमत बघा, मरणाची बातमीही स्वयंपाकघरातल्या डब्यातनं गेली.

शिरोळकर_कृष्णाकाठ

कागदकीडाभाऊ, तुमचं वाचून जेवण गेलं नाही.

आमच्या तालुक्यात सैनिक टाकळी हे गाव आहे, गावाच्या नावातच सैनिक. तिकडं माझी आत्या दिलीय. घराघरात फोटो आहेत, युनिफॉर्ममधले, हार घातलेले आणि न घातलेले. मी लहानपणी सुट्टीत जायचो. गावात कुणी लिव्हवर आलेला दिसला की सगळे एकच विचारणार, "कधी आलास?" आणि लगेच पाठोपाठ, "परत कधी जाणार?" त्याचा चहा अजून हातात असतो. काय खाल्लंस, झोप लागते का, असलं कुणी विचारत नाही. तोही विचारणाऱ्याला तारीख सांगून मोकळा.

उद्यमनगरवाला

शिरोळकर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. पिक्चरच्या शेवटी काय होतं सांगतो, बघायचा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडा.

शेवटी रंग जातात, परत काळं-पांढरं. पोरं घरी येतात. कामं मिळत नाहीत. घरच्यांना ऐकायचंच नसतं, आणि ऐकलं तरी समजत नाही. अगदी शेवटी एक जण सांगतो, लढाईवरून परत येऊन जुन्या दुकानात कामावर गेलो, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, कुठं होतास इतके दिवस, रात्रपाळीला?

हे मी मामांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "आमचं पण तेच. कधी आलास, कधी जाणार." आणि उठून बाथरूमला गेले.

आजऱ्याची_माहेरवाशीण

मी एरवी फक्त पाककृतीत लिहिते. हा धागा नवऱ्यानं पाठवला, म्हणून. ते अजून सर्व्हिसमध्ये आहेत, कुठं ते लिहीत नाही.

तुम्ही सगळे तिकडच्या रोजच्या आयुष्याचं बोलताय. मी इकडे आल्यावरचं सांगते. लिव्हवर आले की पहिले तीन दिवस पहाटे साडेचारला उठून बसतात. मग काय करू म्हणून गोठा झाडतात. सासूबाई म्हणतात, बाई बघ, माझं लेकरू किती कामाचं. मला माहीत असतं, त्यांना झोप येत नाही. अंथरुणाची घडी अशी घालतात की कोपऱ्याला कोपरा. पोरांच्या दप्तरातली पुस्तकं उंचीप्रमाणं लावतात. चौथ्या दिवसापासून दुपारी झोपतात आणि मग उठतच नाहीत.

आणि एक. त्यांच्या काळ्या ट्रंकेत एक छोटी कापडी पिशवी असते, त्यात सुई, खाकी दोरा, पांढरा दोरा, बटणं. सरकारी किटमध्येच मिळते. तिला फौजेत 'हाऊसवाइफ' म्हणतात. लग्न झाल्यावर पहिल्यांदा ट्रंक उघडली तेव्हा मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "हाऊसवाइफ." मी दोन दिवस बोलले नाही. सासूबाईंनी समजूत काढली.

पण खरंच, बटण मी लावत नाही त्यांचं. लावून देतच नाहीत. मी लावलेलं सैल असतं म्हणे.

रिटायर्ड_पण_हजर

वहिनी, सलाम 😄 ही पिशवी ब्रिटिशांपासूनची आहे. पिक्चरमधल्या पोरांच्या पाठपिशवीतही असणार. माझी अजून आहे. परवाच नातवाच्या गणवेशाचं बटण लावलं त्यातल्या दोऱ्यानं. सैल नाही.

दोन_आणे

सगळे गहिवरलेत म्हणून मी एक खडा टाकतो.

मला हा पिक्चर धोकादायक वाटला. पहिल्याच दहा मिनिटांत तीन-चार म्हातारे म्हणतात, मला त्याचा पश्चात्ताप नाही, परत जाईन, मजा होती. मग चहा, विनोद, गाणी, फुटबॉल. जर्मन कैदी आले तर त्यांच्याशी टोप्यांची अदलाबदल. चिखलात बुडून मेलेला माणूस येतो, पण तोवर आपण त्या पोरांच्या प्रेमात पडलेलो असतो. लढाई का झाली, कुणाच्या फायद्यासाठी, याचा शब्द नाही. रोजचं आयुष्य दाखवण्याच्या नावाखाली युद्ध घरगुती करून टाकलंय.

शिवाय साधा हिशोब करा. हे आवाज कुणाचे? पन्नास वर्षं जगले त्यांचे. त्या खोलगट रस्त्यात बसलेल्यांपैकी किती जण बीबीसीला मुलाखत द्यायला शिल्लक होते? मेलेला माणूस 'मजा आली' म्हणेल काय?

फिल्लमबाज

हा मुद्दा जोरदार आहे, मानलं. त्याला जोडून, प्रत्यक्ष हल्ल्याचं जवळून घेतलेलं फूटेज मुळात जवळजवळ नाहीच. कॅमेरा घेऊन तिथं कोण जाणार? म्हणून या पिक्चरमध्ये लढाईच्या जागी त्या काळच्या मासिकांतली चित्रं वापरलीत, वर आवाज आणि मध्ये त्या पोरांचे चेहरे. १९१६लाच सोमच्या लढाईवर एक सरकारी पिक्चर आला होता, ब्रिटनमध्ये दोनेक कोटी लोकांनी तो बघितला म्हणतात. त्यात खंदकातून वर चढण्याचं प्रसिद्ध दृश्य आहे. ते खोटं, मागं प्रशिक्षणाच्या जागी रचून घेतलेलं. म्हणजे या सगळ्या फिल्मवर खरं काय आहे, तर चहा पिणं, मोजे वाळवणं, कॅमेऱ्याकडं बघून दात काढणं. हेच खरं टिपलं गेलं. मरण टिपता आलं नाही. दिग्दर्शकानं जे खरं होतं त्यावर पिक्चर उभा केला, असंही म्हणता येईल.

दोन_आणे

म्हणता येईल. पण मग पोस्टरवर लिहा, 'उरलेल्यांचं आयुष्य'.

रिटायर्ड_पण_हजर

दोन_आणे, 'मजा आली' म्हणणाऱ्याला खोटं ठरवू नका. मीही म्हणतो. चोवीस वर्षांतली सगळ्यात चांगली रात्र कुठली विचाराल तर बर्फात गाडी बंद पडली, सहा जण एका तिरपालाखाली, एक मग रम आणि एक डबा शंकरपाळे. लंगरला त्याला शक्करपारे म्हणतात, दगडासारखे असतात, रममध्ये बुडवून खाल्ले. सकाळपर्यंत हसत होतो. त्यातले दोघं नंतर गेले, एक कामावर, एक घरी दारूनं. दोन्ही खरं आहे. कुणी मला कॅमेऱ्यासमोर बसवलं तर मी तिरपालाची रात्रच सांगणार. दुसरं का सांगू?

देशप्रथम_९९

इंग्रजांच्या पिक्चरवर एवढी चर्चा. आपल्या जवानांवर पिक्चर बघा. गुलामी मानसिकता.

दोन_आणे

आपल्या जवानाच्या चहाला कशाचा वास यायचा ते वर आलंय, वाचलं काय?

संपादक

वैयक्तिक शेरे नकोत. दोन प्रतिसाद उडवले आहेत. चर्चा माहितीपट आणि सैनिकांच्या रोजच्या जगण्याभोवती राहू द्या.

पन्हाळ्याचा_पावसाळा

बघितला. बाबांना घेऊन. बाबा फौजी नाहीत, एसटीत होते, ड्रायव्हर. त्यांनी फक्त दात बघितले. "सगळ्यांचे दात किडलेत," म्हणाले. आता मला दुसरं काही दिसतच नाही त्यात.

कागदकीडा

ते दात सगळ्यांनाच दिसतात. ते मूळ फिल्ममध्ये आधीपासून होते, पण माणसं तुरुतुरु पळत असताना कुणाच्या तोंडाकडं बघायला वेळ मिळत नव्हता.

उद्यमनगरवाला

धागा बराच वाहिला, सगळ्यांचे आभार. दोन_आणे यांचा मुद्दा मला अजून खातोय, पण त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

झालं काय, काल गावी गेलो. मामांच्या सोप्यात मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला, त्यांना सांगूनच. म्हटलं, लढाईचं काही विचारत नाही, फक्त सकाळी उठल्यापासून काय काय करायचा ते सांगा. आधी म्हणाले, त्यात काय सांगायचं. मग सुरू झाले. सत्तर मिनिटं. एकाहत्तरच्या लढाईबद्दल त्यात एक मिनिटही नाही. वीस मिनिटं फक्त दाढी. पाणी गोठलेलं असायचं, मगातला चहा अर्धा प्यायचा, उरलेल्या अर्ध्या चहात ब्रश बुडवून दाढी करायची, कारण गरम तेवढंच असायचं. दाढी नाही केली तर चार्जवर, म्हणजे शिक्षा. चहाची साखर गालाला चिकटायची, दिवसभर कातडं ओढल्यासारखं वाटायचं. आणि ते सांगताना त्यांनी गालावरनं हात फिरवला, डाव्या गालावरनं, दोनदा.

मग पत्रांचं निघालं. मामी दर पंधरवड्याला इनलँड लिहायच्या, '५६ एपीओ'च्या पत्त्यावर. मामा म्हणाले, सगळी पत्रं ट्रंकेत होती, एका बदलीत ट्रंकेत पाणी शिरलं, लगदा झाला. मामी आतनं म्हणाल्या, "बरं झालं, त्यात सगळं म्हशीचंच होतं." मामा म्हणाले, "म्हणूनच ठेवली होती."

आता तांत्रिक प्रश्न. एवढी मोठी फाइल मला व्हॉट्सॲपवर पाठवता येईना. मामेभावंडांना पाठवायची कशी?

फिल्लमबाज

पाठवू नकोस तशी. पेन ड्राइव्हवर दोन कॉप्या काढ, एक तुझ्याकडं, एक मामीकडं. मग मोठ्या फाइलचे तुकडे करून देतो मी. पुढच्या वेळी मोबाइल टेबलावर ठेवू नकोस, ठोके येतात, खाली टॉवेल घाल. आणि पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नका.

रिटायर्ड_पण_हजर

मामांना विचारा, भोपळा त्यांच्याही लंगरला होता का.

उद्यमनगरवाला

विचारलं आत्ता फोनवर. फोन ठेवला त्यांनी.